मोराल्दोची गाडी आणि ओल्गाचा पगार

ताई,

मी २७ वर्षांचा. कोकणात तालुक्याच्या गावी राहतो. बीकॉम झालो, मग राज्यसेवेच्या मागे लागलो. एकदा पूर्व निघाली, मुख्य नाही. गेलं दीड वर्ष पुस्तक उघडलेलं नाही, घरी मात्र अभ्यास चालू आहे असंच समजतात. आम्ही पाच मित्र. संध्याकाळी जेटीवर, नंतर टपरी बंद होईपर्यंत टपरीवर. आधी सहा होतो, एक जण मासळीच्या टेम्पोवर जायला लागला. आता भेटला की आम्ही त्याला 'शेठ' म्हणून छेडतो.

पुण्याच्या मावसभावाने मला इटालियन दिग्दर्शक फेलिनीचा 'ई व्हितेल्लोनी' हा चित्रपट दिला. बघून झोप उडाली. इटलीतलं समुद्राकाठचं गाव, पाच रिकामटेकडे, आणि सगळं आमच्यासारखंच! मित्रांना दाखवला तर अर्ध्यातच मोबाइल काढले. एक म्हणाला, यात काही घडतच नाही. घरी आई आणि मोठी बहीण. बहीण पतपेढीत आहे, घर तिच्यावर चालतं. तिच्या लग्नाचं बघणं सध्या थांबलंय.

मला वाटतं मी त्यातला मोराल्दो आहे. त्याच्यासारखं एका पहाटे कोणाला न सांगता गाडीत बसावं आणि मुंबई गाठावी. सांगून गेलो तर कोणी जाऊ देणार नाही. त्या पोरांना निदान युद्धाने वाया घालवलं होतं, आमच्याकडे तर सांगायला कारणही नाही. जाऊ का?

– मोराल्दो (खरं नाव छापू नका)

*

मोराल्दो,

टोपणनाव तू निवडलंयस, तेच चालवू. पण पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मोराल्दो येईना. आल्बेर्तो येत राहिला. त्याच्याविषयी तू अवाक्षर काढलेलं नाहीस, म्हणून संशय आणखीच बळावला.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेलिनीने तो १९५३ मध्ये केला, वयाच्या ३३व्या वर्षी. त्याचं स्वतःचं गाव रिमिनी, एड्रियाटिक समुद्राच्या काठावर. चित्रपटातलं गाव त्याच वळणाचं. पाच जण, तिशीला टेकलेले, पण अजून घरच्या ताटावर. फाउस्तो बायकांच्या मागे. लेओपोल्दो नाटकं लिहितो. रिकार्दोचा गळा बरा आहे (ही भूमिका फेलिनीच्या सख्ख्या धाकट्या भावाने केलीय, नावही त्याचंच). आल्बेर्तो सगळ्यांना हसवतो. मोराल्दो बघत असतो. दिवसा झोप, रात्री बिलियर्ड, आणि हिवाळ्यात ओस पडलेल्या किनाऱ्यावर कोटाची कॉलर वर करून समुद्राकडे बघत उभं राहायचं. शेवटी एका पहाटे मोराल्दो एकटा गाडीत बसतो आणि गाव सोडतो. तुझ्या मनात घर करून बसलंय ते हेच.

आता आल्बेर्तो. त्याच्या घरी आई आणि बहीण ओल्गा. ओल्गा कमावते, तिच्या पगारावर तिघं जेवतात. आल्बेर्तो तिच्याकडे पैसे मागतो. आणि तिचं एका लग्न झालेल्या माणसाशी जमलंय हे कळल्यावर आईच्या अश्रूंचा हवाला देऊन तिलाच सुनावतो. पैसे घ्यायला पसरलेला हात आणि दटावायला उगारलेलं बोट एकाच माणसाचं.

मग कार्निव्हलची रात्र येते. ही रात्र तू पुन्हा लावून बघ, या वेळी मोबाइलवर नको. आल्बेर्तो बाईच्या वेषात आहे. पहाट झालीय, नाचघर रिकामं झालंय, एक जण तेवढा ट्रम्पेटवर तेच ते सूर काढत बसलाय. आल्बेर्तो झिंगलेला, लगद्याच्या भल्यामोठ्या मुखवट्याला मिठी मारून डुलतोय. मोराल्दो त्याला घरी न्यायला बघतो तर तो त्याच्यावरच उखडतो: तू कोण आहेस? कोणीच नाहीस. तुम्ही सगळेच कोणी नाही. ते अवजड डोकं फरफटवत तो घराशी पोचतो, तर ओल्गा सामान घेऊन निघालेली. तिचा माणूस गाडी घेऊन आलाय. आई आत रडतेय. आल्बेर्तो आईला सांगतो, मी आहे ना, मी तुला सोडून कुठेही जाणार नाही, मी नोकरी बघीन. आई आशेने विचारते, मिळाली का कुठे? तो नाही म्हणतो आणि तसाच, बायकी झग्यात, झोपेत कोसळतो. ही भूमिका करणाऱ्या आल्बेर्तो सोर्दीने हे असं काही केलंय की हसावं की त्याच्या कानाखाली द्यावी ते कळत नाही. गंमत म्हणजे तेव्हा वितरकांना हाच नट नको होता, त्याच्या नावावर तिकिटं खपत नाहीत म्हणून. पुढे तो इटलीचा सर्वांत लाडका विनोदी नट झाला.

तर मोराल्दो, गाव सोडणारा तो एकटा आहे असं तुला वाटतंय. ओल्गा त्याच्या आधी गेली. आणि गेली ती घरच्यांच्या डोळ्यांदेखत, इतकी वर्षं घर ओढल्यावर. तिचं जाणं सोपंही नव्हतं. इटलीत घटस्फोटाचा कायदा आला १९७० मध्ये. म्हणजे त्या माणसाने बायकोला सोडलं तरी ओल्गाशी त्याचं रीतसर लग्न होणार नव्हतं, आणि तशा छोट्या गावात तिला पुन्हा मान वर करून फिरता येणार नव्हतं. हे सगळं माहीत असूनही ती गेली. चित्रपट तिच्या मागे जात नाही, तिचं पुढे काय झालं ते आपल्याला दाखवत नाही. माझी फेलिनीवर तक्रार आहे ती एवढीच. सगळी हळहळ तो पोरांसाठी राखून ठेवतो.

या चित्रपटात निघून जायला निघालेलं आणखी एक माणूस आहे. अगदी सुरुवातीला. सौंदर्यस्पर्धेत मोराल्दोची बहीण सांद्रा निवडून येते, वादळ येतं, ती चक्कर येऊन पडते आणि ती गरोदर असल्याचं बाहेर येतं. इकडे फाउस्तो घरी जाऊन बॅग भरायला घेतो. मिलानला जातो म्हणतो, तिकडे काम बघतो. त्याचा म्हातारा बाप त्याला पळू देत नाही, लग्न लावायला लावतो. म्हणजे कोणाला न सांगता गाडीत बसायची कल्पना चित्रपटात पहिल्यांदा सुचते ती फाउस्तोला, मोराल्दोला नव्हे. तू तुझ्या मनातला बेत या दोघांपैकी कोणाचा आहे ते जरा ताडून बघ. मला पत्रावरून ठरवता येत नाही. 'सांगून गेलो तर कोणी जाऊ देणार नाही' हे वाक्य फाउस्तोच्या तोंडी सहज शोभलं असतं.

मोराल्दोही तुला वाटतो तेवढा धुतल्या तांदळासारखा नाही. फाउस्तोला सासऱ्याच्या ओळखीने देवाधर्माच्या वस्तूंच्या दुकानात चिकटवतात. तिथे तो मालकाच्या बायकोच्या अंगचटीला जातो आणि नोकरी घालवतो. मग सूड म्हणून त्या दुकानातला लाकडी देवदूत चोरतो, आणि चोरीत बरोबर कोण? मोराल्दो. स्वतःच्या बहिणीचा संसार उधळणाऱ्याबरोबर तो हातगाडी ढकलत फिरतो, मूर्ती आधी नन्सच्या मठात, मग साधूंच्या मठात खपवायला बघतो. त्याला सगळं दिसत असतं, पण दिसण्यापलीकडे त्याची मजल जात नाही. शेवटी निघतो तेव्हा सांद्राला काही सांगत नाही. स्टेशनवर त्याला एकच जण भेटतो, ग्विदो, रेल्वेत काम करणारं पोर. कुठे चाललास? माहीत नाही, जातोय. इथे बरं नव्हतं का तुला? मोराल्दोकडे यावर उत्तर नाही.

या ग्विदोबद्दलही तू लिहिलं नाहीस. रात्री उशिरा घरी परतणाऱ्या मोराल्दोची आणि भल्या पहाटे कामाला निघालेल्या या पोराची रस्त्यात गाठ पडते, एकाचा दिवस संपतोय, दुसऱ्याचा सुरू होतोय. तुमच्यातला सहावा, ज्याला तुम्ही 'शेठ' म्हणता, तोही त्याच वेळी बंदरावर जात असणार. मासळीचा लिलाव काही टपरी उघडायची वाट बघत नाही. आणि 'शेठ' वरून आठवलं: सांद्राला शोधायला निघालेली मंडळी मोटारीतून जाताना रस्त्यावर खडी फोडणारे मजूर दिसतात. आल्बेर्तो उभा राहून त्यांना हाताने घाणेरडी खूण करतो, तोंडाने आवाज काढतो. पुढे शंभर पावलांवर गाडी बंद पडते आणि मजूर मागून धावत येतात. इटलीत हा प्रसंग माहीत नाही असं माणूस मिळणं कठीण. लोक पोट धरून हसतात. मला नेहमी त्या मजुरांची बाजू घ्यावीशी वाटते.

युद्धाचं तू काढलंयस. ते कारण तुला हवंहवंसं वाटतंय, म्हणून जरा थांबते इथे. चित्रपट दुसरं महायुद्ध संपल्यावर आठ वर्षांनी आला. रिमिनीवर १९४३-४४ मध्ये इतके बॉम्ब पडले की शहराचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. १९४४च्या सप्टेंबरात लढाईची आघाडी तिथूनच पुढे सरकली. आणि या चित्रपटात एक पडकी भिंतही दिसत नाही. चित्रीकरण रिमिनीत झालंच नाही, ओस्तियाचा किनारा आणि व्हितेर्बोच्या गल्ल्या वापरून गाव उभं केलं. फेलिनीला युद्ध दाखवता येत नव्हतं असं नाही. दिग्दर्शक रोस्सेलिनीच्या 'रोम, ओपन सिटी' आणि 'पैसान' या युद्धावरच्या दोन्ही चित्रपटांच्या लेखनात तो होता. तेव्हा इथे त्याने ते वगळलं ते मुद्दामच.

का वगळलं असेल? माझा अंदाज सांगते. ही पोरं मुसोलिनीच्या राजवटीत वाढली. तो सत्तेवर आला १९२२ मध्ये. शाळेत गणवेश, कवायत, 'विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा' ही घोषणा. तुम्ही रोमन साम्राज्याचे वारस आहात असं रोज ऐकायचं. १९४३च्या जुलैत मुसोलिनीला पदावरून काढलं, सप्टेंबरात देशाने शरणागती पत्करली, आणि कालपर्यंत छाती पुढे काढून भाषणं ठोकणारे मास्तर, पुढारी, बाप सगळे गप्प. पाठोपाठ नवं प्रजासत्ताक आलं, नवी राज्यघटना आली, अमेरिकेची मदत आली. मिलान-तोरिनोच्या कारखान्यांत खरी भरभराट व्हायला मात्र पन्नासचं दशक सरत यावं लागलं. मधल्या काळात रिमिनीसारख्या गावातल्या पोरांना ना पराक्रम उरला, ना पगार. जुनं खोटं निघालं होतं आणि नवं त्यांच्या गावापर्यंत पोचायचं होतं. त्यांच्या रिकामपणाला एवढं घसघशीत कारण होतं आणि फेलिनीने ते त्यांच्या हाती दिलं नाही. दिलं असतं तर आल्बेर्तोने तेच आईला सांगितलं असतं.

तुझ्याकडेही कारण आहे, नाही कसं. शेकड्यात जागा आणि लाखांत अर्ज, वर्षानुवर्षं रखडणाऱ्या परीक्षा, तालुक्याच्या गावी बीकॉमला मिळून मिळून मिळणारं काम काय. यातलं काही तू घडवलेलं नाहीस आणि त्याचा तुला राग आला तर तो रास्तच आहे. पण बहिणीला दीड वर्ष अंधारात ठेवायला आयोगाने सांगितलं नव्हतं.

जाऊ का, असं विचारतोस. जा. तुझं तिथे राहणं कोणाच्याच कामाचं नाही, आणि सत्ताविसाव्या वर्षी मुंबईत जाऊन बघण्यात गैर काही नाही. माझी हरकत फक्त पहाटेच्या त्या गाडीला आहे. आणि तू ज्याच्या जोरावर निघालायस त्या माणसाने स्वतः तसं केलेलं नव्हतं, हेही ऐकून ठेव. मोराल्दो म्हणजे बराचसा फेलिनीच, हे खरं. पण फेलिनी १९३९ मध्ये रोमला गेला तेव्हा त्याच्या हाताला काम येत होतं. रिमिनीतच एका मित्राबरोबर दुकान काढून तो लोकांची व्यंगचित्रं काढून विकायचा. रोममध्ये आई-वडिलांच्या समाधानासाठी कायद्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि कमाई केली ती 'मार्क'ऑरेलियो' नावाच्या विनोदी नियतकालिकात लिहून, चित्रं काढून. पुढे रेडिओसाठी लिहिलं. १९४४ मध्ये अमेरिकन फौजा रोममध्ये आल्यावर सोबत्यांना घेऊन पुन्हा दुकान थाटलं आणि सैनिकांची चित्रं काढून पैसे मिळवले. चित्रपटातल्या मोराल्दोच्या हातात यातलं काहीच नाही. त्याचं शहरात काय होतं यावर फेलिनीने पुढचा चित्रपट लिहायला घेतला होता, 'मोराल्दो शहरात' अशा नावाचा. तो झाला नाही. त्यातलं पुष्कळसं काही वर्षांनी त्याच्याच 'ला दोल्चे व्हीता' या चित्रपटात उतरलं, आणि त्याचा नायक मार्चेल्लो कसा आहे ते बघितलंस तर मुंबईबद्दलचा तुझा हुरूप थोडा जमिनीवर येईल.

आता कामाचं. पहिली गोष्ट बहिणीशी. आईशी नंतर, आधी तिच्याशी. अभ्यास बंद आहे हे तिला स्वतःहून सांग. तिला ते केव्हाच कळलेलं असण्याची शक्यता दांडगी आहे. पतपेढीत बसणाऱ्या बाईला कुठलं खातं निष्क्रिय झालंय ते ओळखता येतं. मग तिला विचार की लग्नाचं बघणं का थांबलंय. तिने स्वतः थांबवलं, की तू 'लागेपर्यंत' थांबवलं, की स्थळं येतात आणि घराकडे बघून परत जातात, की तिला लग्नच करायचं नाही, की कोणी मनात आहे आणि ते सांगायची सोय नाही. उत्तर काहीही येवो, तू तिथे आल्बेर्तो होऊ नकोस. बोट उगारायचं नाही, आईचं नाव काढायचं नाही. ऐकून घ्यायचं. आणि घरात महिन्याला किती लागतात तो आकडा तिच्याकडून लिहून घे. तुला तो माहीत नसणार यावर मी पैज लावायला तयार आहे.

दुसरी, कमाई. बीकॉम आहेस. तुमच्या तालुक्यात एखाद्या सीएकडे, नाहीतर कर सल्लागाराकडे माणूस लागतोच, विवरणपत्रांच्या दिवसांत तर हमखास. पगार म्हणशील तर लाज वाटेल इतका मिळेल. घे. टॅली, जीएसटीचं काम हाताखालून जाऊ दे. पहिल्या पगारापासून घरात पैसे टाक, थोडे का असेनात, आणि बहिणीच्या हातात दे. चार-सहा महिने असे गेले की मुंबईत काम मागताना सांगायला तरी तुझ्याकडे काहीतरी असेल. राज्यसेवेची पूर्व निघाली होती हे तिथे कोणी विचारत नाही.

तिसरी, तुझा टेम्पोवाला मित्र. त्याच्याकडे जा आणि 'शेठ' म्हणणं बंद कर. त्याला माफी वगैरे मागत बसू नकोस, अवघडेल बिचारा. एखाद्या पहाटे त्याच्याबरोबर फेरीला जा. माल मुंबईच्या बाजूला जात असला तर तिकडे कोणत्या खोल्यांत गावची पोरं राहतात, डिपॉझिट किती, कोण भला आणि कोण बुडवा, हे जेटीवरच्या चौघांपेक्षा त्याला नक्की जास्त ठाऊक असेल.

त्या चौघांना चित्रपट पुन्हा दाखवायला जाऊ नकोस. यात काही घडत नाही, हे त्या पोराचं म्हणणं खरंच आहे. एकाने आरसा दाखवला म्हणून दुसऱ्याने त्यात बघितलंच पाहिजे असं नाही. त्यांच्याशी मैत्री तोडण्याचं नाटकही नको. संध्याकाळी कामावरून सुटलास की जा जेटीवर, बस तासभर. आता ते तुलाही 'शेठ' म्हणतील, तेवढं सोस.

आणि गाडी पकडशील ती दिवसाची पकड. जायच्या आधी खोलीचा पत्ता, तिथल्या एखाद्याचा फोन नंबर आणि किती महिने बघणार ते घरी कागदावर लिहून ठेव. आई रडेल. ती कशीही रडणारच आहे. फरक इतकाच की या वेळी तिला समजवायला घरात जे माणूस मागे राहील, त्याला तू का गेलास ते ठाऊक असेल.

बहीण काय म्हणाली ते कळव. तिलाच लिहावंसं वाटलं तर तिने लिहावं. तिचं पत्र आधी छापीन.

– ताई